कमी किमतीचं खरेदीखत करू नकोस

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, मग बाकीचं सांगते. माझ्या दादा-वहिनींचा, म्हणजे तुझ्या आईवडिलांचा, कोथरूडचा फ्लॅट तू बाजारभावाच्या निम्म्या रकमेत विकत घेतलास, तर घरपट्टी वाढणार नाही. खरेदीखतात ४० लाख लिही नाहीतर ९० लाख, महापालिकेचं बिल तेवढंच येईल. पुण्यात घरपट्टी ठरते ती घराच्या वार्षिक करपात्र मूल्यावर, म्हणजे ते घर भाड्यानं दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल या हिशोबावर. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. तिथं रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्र, इमारतीचं वय, बांधकामाचा प्रकार आणि वापर अशा गोष्टी बघतात. बापानं लेकाला घर कितीला दिलं, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. मुंबईत तर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफच आहे, आणि घर बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर गेलं म्हणून ती माफी जात नाही.

तेव्हा घरपट्टीची काळजी सोड. ज्याची काळजी करायला हवी ते तू विचारलंच नाहीस, आणि त्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहिते आहे.

वकिलांच्या कचेरीत दस्तांचे मसुदे लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, वाटणीपत्रं, सगळं लिहिलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आईवडिलांचं घर मुलानं कमी किमतीत विकत घेणं, हा घरातल्या घरात होणारा सगळ्यात महाग दस्त आहे. दिसतो मात्र सगळ्यात स्वस्त. मनात हेतू चांगलाच असतो. बापाला फुकट द्यायचं नसतं, मुलाला फुकट घ्यायचं नसतं, म्हणून मधली रक्कम ठरते. नात्यात ती मधली वाट शोभते, पण कायद्यात तिला जागा नाही. कायद्याला एकतर खरी विक्री कळते, नाहीतर खरं बक्षीस.

आता आकडे मांडून बघू. फ्लॅट दादानं १९९४ मध्ये स्वतःच्या पगारातून आणि कर्जातून घेतला. सरकारी दरतक्त्याप्रमाणे, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, त्याची आजची किंमत ९० लाख धर. तुमचं ठरलंय ४० लाख. मुद्रांक शुल्क कशावर लागेल? महाराष्ट्रात दस्तात लिहिलेली रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांतलं जे जास्त, त्यावर. म्हणजे ९० लाखांवर. पुणे शहरात स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. वर नोंदणी फी, ३० लाखांच्या पुढच्या व्यवहाराला कमाल ३० हजार. किंमत कमी लिहून यातला एक पैसा वाचत नाही. घर एकट्या सूनबाईंच्या, म्हणजे तुझ्या बायकोच्या, नावावर घेतलं तर बाईमाणसाला राहत्या घरासाठी १ टक्का सवलत आहे, पण तिच्या नावावर घेण्यात दुसरा गुंता आहे, तो पुढं सांगते.

मुद्रांक शुल्क तू भरशील. तुला पगार आहे, तू भरू शकतोस. खरा फटका बसतो तो दादाला. आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की, विकणाऱ्यानं सरकारी मूल्यापेक्षा कमी किमतीत घर विकलं, तरी सरकारी मूल्य हीच विक्रीची किंमत धरून त्याच्या भांडवली नफ्याचा हिशोब करायचा. जुन्या, १९६१ च्या कायद्यात हे कलम ५०सी होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, नियम तोच राहिला. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे ९० लाखांच्या घराला ८२ लाख लिहिले असते तर आयकर खात्यानं ८२च धरले असते. ४० लिहिलेस की सरळ ९० धरणार.

घर २००१ च्या आधीचं आहे, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत ही मूळ किंमत धरता येते. ती ८ लाख निघाली असं समज. ९० मधून ८ गेले, ८२ लाख नफा. साडेबारा टक्क्यांनी सव्वादहा लाख रुपये कर, त्यावर अधिभार आणि उपकर वेगळे. (महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी भरायचा पर्यायही २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरांना आहे. दोन्ही करून बघायचं आणि कमी येईल ते भरायचं. या आकड्यांत साडेबारा टक्केच स्वस्त पडतो.) दादाच्या हातात येणार ४० लाख, आणि त्यातला चौथा हिस्सा जाणार करात. तोही न मिळालेल्या पैशावरचा कर.

यावर कुणीतरी सांगेल, रोख्यांत पैसे गुंतवा, कर वाचेल. तशी सोय आहे. घर विकल्यापासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत पाच वर्षांसाठी गुंतवले, की तेवढ्या नफ्यावर कर नाही. दुसरं घर घेतलं तरी सवलत आहे, दोन वर्षांत विकत किंवा तीन वर्षांत बांधून. पण दादाच्या बाबतीत हे पुरणारच नाही, कारण कागदावर नफा ८२ लाखांचा आणि हातात पैसा ४० लाखांचा. आलेले सगळेच्या सगळे ४० लाख रोख्यांत घातले तरी उरलेल्या ४२ लाखांवर सव्वापाच लाख कर उभा राहतो. तो त्यानं निवृत्तिवेतनातून भरायचा?

आणि एवढ्यावर संपत नाही. तुला वाटेल, कमी किमतीत घेतलं म्हणून मलाही कर लागेल का. नाही लागणार. कमी किमतीत मालमत्ता मिळाली तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात फरक धरतात खरं, पण आईवडील ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसतात, म्हणून तुला सूट. हे ऐकून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढं दहा वर्षांनी तू हे घर विकशील तेव्हा तुझी खरेदी किंमत किती धरली जाईल? तू दिलेले ४० लाख आणि भरलेलं मुद्रांक शुल्क, एवढंच. मधल्या ज्या ५० लाखांवर तुझ्या बापानं आधीच कर भरला, ते तुझ्या खरेदीत मोजले जाणार नाहीत. त्याच ५० लाखांवर तू पुन्हा कर भरशील. एकाच घराच्या एकाच वाढीवर बाप एकदा आणि मुलगा एकदा. आज साडेबारा टक्के धरले तरी ते आणखी सव्वासहा लाख होतात.

शिवाय किंमत किंवा सरकारी मूल्य यांतलं काहीही ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का उगम कर कापून सरकारात भरायचा, महिना संपल्यापासून तीस दिवसांत. तोही जास्तीच्या रकमेवर, म्हणजे ९० हजार. मुलानं बापाच्या पैशातून कर कसा कापायचा, म्हणून घरोघरी हे विसरलं जातं, आणि मग व्याज आणि विलंब शुल्काची नोटीस मुलाच्या नावानं येते.

आमच्या कचेरीत एक निवृत्त शिक्षक आले होते. मुलाला घर दिलं होतं, दुसऱ्याच कुणीतरी करून दिलेल्या दस्तानं, बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यात. आयकराची नोटीस घेऊन आले. कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, मी तर मुलालाच दिलंय हो, मी काय कमावलं? त्यांना समजावून सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. कायद्यानं त्यांचं म्हणणं खोडून काढता येत होतं, माणूस म्हणून येत नव्हतं. म्हणून मी तुला कळकळीनं सांगते, दादावर ती वेळ आणू नकोस.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. रेडी रेकनर म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. इमारत जुनी, गळकी, लिफ्ट नसलेली असेल आणि घराची खरी किंमत सरकारी मूल्यापेक्षा कमीच असेल, तर विकणारा आयकर अधिकाऱ्याला सांगू शकतो की मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घ्या. मुद्रांक शुल्कासाठीही मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयाचा अर्ज करता येतो. पण हे खऱ्याखुऱ्या कमी किमतीच्या घरासाठी. तुमचा फ्लॅट तसा नाही.

मग करायचं काय?

दादाला पैशाची गरज नसेल आणि घर तुलाच द्यायचं हे दोघांच्या मनात पक्कं असेल, तर सरळ बक्षीसपत्र कर. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर अधिभार लागतो, आणि तो २०० रुपयांवर नसून बाजारमूल्यावर टक्क्यानं असतो. शहरागणिक वेगळा असतो, म्हणून दस्ताच्या आधी दुय्यम निबंधकाकडून किंवा वकिलाकडून नेमका आकडा काढून घे. तरीही खरेदीखताच्या मानानं बराच कमी. बक्षिसावर दादाला भांडवली नफ्याचा कर नाही, तुला उत्पन्नाचा कर नाही. पुढं तू विकशील तेव्हा दादाचीच मूळ किंमत तुझी किंमत धरतात आणि त्यानं घर जितकी वर्षं सांभाळलं ती वर्षंही तुझ्या हिशोबात येतात. कर लागतो, पण एकदाच, आणि खरोखर पैसे हातात आल्यावर.

इथं सूनबाईंचा गुंता. ‘दोघांच्या नावावर करून टाका’ असं घरातलं प्रत्येक मोठं माणूस प्रेमानं म्हणतं. पण २०० रुपयांच्या सवलतीत सून नाही, फक्त विधवा सून आहे. हयात मुलाच्या बायकोला दिलेल्या हिश्श्याला सवलत लागू होत नाही. शिवाय सासऱ्यानं सुनेला बक्षीस दिलेल्या घराचं भाडं आलं, तर ते सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. तेव्हा आधी तुझ्या एकट्याच्या नावावर घे. पुढं तिचं नाव घालावंसं वाटलं तर नवऱ्यानं बायकोला द्यायलाही हाच दोनशे रुपयांचा नियम आहे. उत्पन्न मिळवण्याचा नियम तिथंही लागू आहे, पण घरात तुम्ही राहणार असाल तर भाड्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक. बक्षीसपत्र करायचं आणि ठरलेले ४० लाख पाठीमागून दादाच्या खात्यात टाकायचे, असं काही करू नकोस. मोबदला दिला की ते बक्षीस राहत नाही, ती विक्री होते, आणि पुढं कुणी तपासलं तर दस्तच खोटा ठरतो. आईबापांना सांभाळण्यासाठी मुलानं दरमहा पैसे देणं ही वेगळी गोष्ट. ते तू देशीलच. त्यावरही कुणाला कर लागत नाही.

आता तुझी ताई. ती अमेरिकेत आहे, तिला गरज नाही, ती काही म्हणणार नाही, हे तू म्हणतोस. तिला विचारलंयस का? घर दादाचं स्वकष्टार्जित आहे, तेव्हा तो ते कुणालाही देऊ शकतो, ताईची सही कायद्यानं लागत नाही. वडिलोपार्जित असतं तर गोष्ट वेगळी होती. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो पक्का केला. पण सही लागत नाही म्हणून तिला न सांगता करायचं, हे मला मान्य नाही. घराबद्दल बहिणीला दुसऱ्याच कुणाकडून कळलं की पुढं सणावारालाही बोलणं उरत नाही, असं मी फार घरांत बघितलंय. मान्यता देणार म्हणून तिची सही दस्तावर घे. दादाला घर निम्मं-निम्मं द्यायचं असेल तर तसं दे म्हणावं, मुलीला बक्षीस द्यायलाही दोनशे रुपयेच लागतात. फक्त तिला एवढं सांग की, अमेरिकेत राहणाऱ्याला परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर बक्षीस मिळालं तर तिथल्या कर खात्याला फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. कर नसतो, पण कळवलं नाही तर दंड बक्षिसाच्या पाव किमतीपर्यंत जातो. तिनं तिथल्या करसल्लागाराला आधीच विचारावं.

गावचं घर या व्यवहारात मिसळू नका. आमचे वडील, नाना, मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे त्या घरात माझाही हिस्सा आहे. ते काम हक्कसोडपत्रानं वेगळं होईल. वडिलोपार्जित मालमत्तेचा हक्क भावंडांच्या नावे सोडायलाही नाममात्रच मुद्रांक आहे. माझं मी बघून घेईन, तू त्यासाठी आत्ता धावाधाव करू नकोस. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर दादाचं एकट्याचं नाव आहे म्हणून घर त्याचं एकट्याचं, असं समजू मात्र नकोस. घरपट्टी कुणाच्या नावावर येते यावरून मालक ठरत नाही, गावात नाही आणि शहरातही नाही.

आता माझ्या मनातलं सगळ्यात महत्त्वाचं. दस्तात वहिनींचं नाव कुठं आहे?

१९९४ च्या करारनाम्यात फक्त दादाचं नाव आहे. तेव्हा तशीच पद्धत होती. घरावर वहिनींचे हप्ते गेले, दागिने गेले, कागदावर त्यांचं काहीच आलं नाही. उद्या दादानं तुला बक्षीसपत्र करून दिलं की घर तुझं. बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. तू चांगला मुलगा आहेस हे मला माहीत आहे. पण दस्त माणूस चांगला आहे असं धरून लिहीत नसतात. तुझी बदली होईल, आजार येतील, कर्ज बुडेल, देव न करो तूच आधी गेलास तर घर तुझ्या वारसांचं होईल, आणि त्यात आईला इतर वारसांबरोबरचा एक वाटा, एवढंच उरेल. म्हणून बक्षीसपत्रातच कलम घालायचं की देणार आणि त्यांची पत्नी या दोघांनाही या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील, त्यांच्या हयातीत दोघांच्या लेखी संमतीशिवाय घर विकता, गहाण टाकता किंवा भाड्यानं देता येणार नाही. आणि त्याखाली दुसरं कलम, की घेणारा या दोघांचं पालनपोषण, औषधपाणी आणि गरजा भागवील, या अटीवर हे बक्षीस दिलं आहे.

हे दुसरं कलम शोभेचं नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन मुलानं सांभाळलं नाही, तर आईवडील प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीस रद्द करून घेऊ शकतात. पण सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं की ती अट असल्याचं दिसलं पाहिजे, नुसतं म्हातारपणी दिलं म्हणून अट होती असं धरता येणार नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं कायद्याचा अर्थ आईबापांच्या बाजूनं उदारपणे लावला. निकाल कुठल्याही बाजूला झुको, आपल्या कागदावर अट स्पष्ट असली की वादच नको. बऱ्याच मुलांना हे कलम अपमानासारखं वाटतं. तू तसं मानू नकोस. तूच मसुद्यात घालायला सांग. बापानं मागण्याआधी मुलानं घातलेलं कलम दादाला फार मोठा धीर देऊन जाईल.

दादाला खरोखर पैसे हवे असतील, म्हणजे त्या ४० लाखांवर त्यांचं म्हातारपण अवलंबून असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा खरी विक्री कर. सरकारी मूल्याच्या जवळच्या किमतीला, सगळे पैसे बँकेतून, एकही रुपया रोख नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, आणि इथं घेणारा दादा असेल. पूर्ण किंमत दिलीस तर दादाकडं रोख्यांत गुंतवायला किंवा लहान घर घ्यायला पुरेसा पैसा येतो आणि कर बऱ्यापैकी वाचतो, आणि तुझी खरेदी किंमतही पूर्ण धरली जाते. एवढी रक्कम तुला झेपणार नाही, हे मला कळतं. मग विकत घेण्याचा हट्ट सोड. बँकेतून रिव्हर्स मॉर्टगेज घेतलं तर ज्येष्ठांना राहत्या घरावर दरमहा रक्कम मिळते, घर त्यांच्याच नावावर राहतं, हप्ते भरावे लागत नाहीत. तो पर्याय एकदा बसून बघा.

आणि घाई काही नसेल तर मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि दादाला हवं तेव्हा बदलता येतं. वारशानं मिळालेल्या घरावर कर नाही. घर शेवटपर्यंत त्यांच्या हातात राहतं. मला स्वतःला विचारशील तर, ज्या घरात पैशाची निकड नाही आणि भांडण नाही, तिथं मृत्युपत्रच बरं. बक्षीसपत्र त्याच्या खालोखाल. त्याचा फायदा एकच, पण मोठा, की सगळं आईबापांच्या डोळ्यांदेखत होतं आणि मागं शंका उरत नाही. सोसायटीत नामनिर्देशन केलंय म्हणून निश्चिंत राहू नका. नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, तो खऱ्या वारसांसाठी घर सांभाळणारा असतो.

बक्षीसपत्र ठरलं तर पुढचं ऐक. दस्ताआधी दादाच्या नावावरची जुनी सूची दोन, करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घरपट्टीची शेवटची पावती एकत्र कर. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आहे ना ते बघ. घरपट्टीची थकबाकी असेल तर ती दस्ताआधी भर, कारण ती घरावरचा पहिला बोजा असते, मालक बदलला तरी घराच्या मागं येते, आणि त्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते. दादाचं वय बघता डॉक्टरांचा दाखला जोड की ते शुद्धीवर आणि विचार करण्यास समर्थ आहेत. असा कागद पुढं फार कामाला येतो. साक्षीदार दोन, घरातले नकोत.

दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळची वेळ घे. दुपारनंतर गर्दी होते आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा मिळत नाही. दादाच्या अंगठ्याच्या रेषा आता पुसट झाल्यात. यंत्रावर ठसा पहिल्या खेपेला उमटत नाही. आदल्या रात्री हातांना तेल लावून ठेव, सकाळी साबणानं धुऊन कोरडे करून ने, आणि ठसा उमटेपर्यंत घाई करू देऊ नकोस. कर्मचारी विचारेल, स्वखुशीनं देताय ना? तेव्हा तू उत्तर द्यायचं नाही. दादा देईल.

नोंदणी झाली की सूची दोनची प्रत घेऊन तीन महिन्यांच्या आत महापालिकेच्या कर आकारणी कार्यालयात नाव लावायचा अर्ज दे. तोवर बिल दादाच्याच नावे येत राहतं आणि जबाबदारीही त्याचीच राहते. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत आहे, ती २०१९ मध्ये गेली होती आणि २०२३ मध्ये परत आली. नाव बदलल्यावर पहिल्या बिलात ती सवलत दिसते का ते बघ, नसेल तर पीटी-३ अर्ज भर. घरपट्टी वाढली असं वाटून लोक घाबरतात ते बहुतेक वेळा याच एका ओळीमुळं. सोसायटीत हस्तांतरण शुल्क ५०० रुपये आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. घरातल्या घरात हस्तांतरण असेल तर प्रीमियम लागत नाही. कुणी २५ हजार मागितले तर उपविधी दाखव.

वकिलांनी मसुदा तयार केला की मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन. पण त्याआधी वहिनींना वाचून दाखव, आणि दस्त मराठीतच करायला सांग. इंग्रजीत लिहिला तर त्या नुसती मान हलवतील. मराठीत असला तर प्रश्न विचारतील, आणि त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी मसुद्यात एक ओळ वाढली तरी चालेल.